झोपायला आलेली बाई

लॉजवर लोक झोपायला येतात असं बाहेरच्या माणसाला वाटतं. जुन्नरच्या जुन्या पेठेतल्या एका लॉजच्या काउंटरवर माझी कमावती वर्षं सगळी गेली. त्या अनुभवावर सांगतो, निव्वळ झोपायला म्हणून येणारं गिऱ्हाईक फार क्वचित. कोणी शिवनेरी चढायला येतो, कोणी लेण्याद्रीच्या गणपतीला. द्राक्षांचे व्यापारी हंगामात येतात, औषधकंपन्यांचे एमआर बारा महिने येतात. कोर्टाची तारीख असलेले येतात, मुलगी बघायला आलेले येतात. यातला प्रत्येक जण पाठ टेकतो ती सकाळी कुठेतरी जायचंय म्हणून.

फक्त झोपण्यासाठी आलेली अशी एकच बाई मला आठवते. तिच्याबद्दल लिहायचं आहे, पण आधी आमचा धंदा थोडा सांगायला हवा.

लॉजचं नाव लिहीत नाही. मालकाच्या मुलानं आता तिथे एसी बसवलेत, दर्शनी बाजूला काच लावली आहे आणि नाव इंग्रजी केलंय. मी होतो तेव्हा खाली भांड्यांचं दुकान होतं, त्याच्या कडेनं अरुंद जिना, आणि पहिल्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशीच माझं काउंटर; वर आणखी एक मजला. जिना इतका अरुंद की मोठी बॅग डोक्यावर घेऊनच यावं लागे. खोल्यांसमोर लोखंडी जाळीची लांब गॅलरी. तिथून शिवनेरी पूर्ण दिसतो. पाहुण्यांना देण्यासारखं आमच्याकडे एवढंच होतं, आणि त्यात आमचं कर्तृत्व काहीच नव्हतं.

स्वस्तातला लॉज चालवायचा तर काही गोष्टी पाळाव्या लागतात. चादरी पांढऱ्या घ्यायच्या नाहीत. फुलाफुलांच्या घ्यायच्या, डाग फुलात मिसळून जातो. खोली दाखवायला नेलं की पाहुणा आधी काय बघतो ते बघायचं. संसारी बाई आधी मोरी बघते. तरुण पोरं चार्जिंगचा पॉइंट शोधतात. वयस्कर माणूस पलंगावर बसून उंचीचा अंदाज घेतो, कारण लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरून आल्यावर त्याला गुडघ्यांची काळजी असते. एमआर काहीच बघत नाही, गरम पाणी किती वाजेपर्यंत एवढंच विचारतो.

खोल्यांची झाडलोट आणि चादरी हे हौसाबाईचं खातं. बाई अंगानं किरकोळ, पण आवाज असा की तिनं गॅलरीतून हाक मारली की खालचा भांडीवाला दचकायचा. एकदा आसपासच्या लेण्यांमधल्या अक्षरांचे कागदावर ठसे घ्यायला एक अभ्यासक आला होता. ते शाईचे मोठमोठे कागद त्यानं गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातले. आभाळ भरून आलं तसे हौसाबाईनं चादरींबरोबर तेही काढले आणि नीट चौपदरी घड्या घालून कपाटात ठेवले. संध्याकाळी तो माणूस त्या घड्यांकडे बराच वेळ बघत राहिला. हौसाबाईला वाटलं, घड्या आवडल्या. दुसऱ्या दिवशी तो नवे ठसे घ्यायला पुन्हा डोंगरावर गेला.

आता दोन नियम. ते आमचेच होते असं नाही, या दर्जाच्या बहुतेक लॉजवर असतात. पहिला, स्थानिक माणसाला खोली द्यायची नाही. ज्याचं घर तासा-दोन तासांवर आहे तो लॉजवर राहायला आला, तर मागे भांडण असतं, बाटली असते, नाहीतर कोणीतरी शोधत येणार असतं. दुसरा, एकट्या माणसाला खोली देताना दहादा विचार करायचा. कारण उघड आहे. एकटा माणूस आतून कडी लावतो आणि दार सकाळी उघडत नाही, असं एकदा आमच्याकडे झालं होतं. ते इथे लिहीत नाही. त्यानंतर एकट्या पाहुण्याला मी काउंटरशेजारचीच खोली देत असे आणि अधूनमधून चहा पाठवत असे. चहाचं निमित्त. आतून ‘नको’ असं ऐकू आलं तरी आमचं काम झालेलं असायचं.

शिवजयंती होऊन गेली होती. त्या दिवसांत एकेका खोलीत माणसांवर माणसं झोपलेली असतात, आणि गर्दी ओसरली की लॉज अगदी रिकामा पडतो. हौसाबाईनं धुतलेल्या चादरी गॅलरीभर वाळत घातल्या होत्या. दुपारी एक बाई जिना चढून आली. पंचेचाळिशीची असावी. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी.

“खोली हाय का?”

“किती माणसं?”

“मीच.”

मी आधार कार्ड मागितलं. नाव मंदाबाई, गाव लोणी, तालुका आंबेगाव. म्हणजे एकटी आणि वर स्थानिक. मी कार्ड परत केलं.

“बाई, तुम्ही तर इथल्याच. आत्ता एसटीत बसलात तर दिवस मावळायच्या आत घरी पोचाल.”

“पोचंल की. म्हनून तर खोली मागतीय.”

“लेण्याद्रीला जायचंय का?”

“न्हाई.”

“दवाखान्याचं काही?”

“न्हाई वो. झोपायचंय.”

मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं आणि मालकाला फोन लावला. मालक पुण्याला असायचे, त्यांनी उचलला नाही. काय सांगून बाईंना वाटेला लावावं याचा विचार करत मी मान वर केली, तर बाई बसल्या जागी झोपल्या होत्या. मान छातीवर, तोंड अर्धवट उघडं, मांडीवरची पिशवी खाली घरंगळलेली. हौसाबाईनं पिशवी उचलून शेजारी ठेवली, तरी त्यांना पत्ता नव्हता.

“चाचा, द्या खोली,” हौसाबाई मला हळूच म्हणाली. “ही काय मरायला न्हाई आली. मरायला आलेलं मानूस असं बसल्या बसल्या घोरत न्हाई.”

एवढ्या पुराव्यावर मी दोन्ही नियम मोडले. काउंटरशेजारची खोली दिली. बाईंनी ना मोरी बघितली, ना पलंग. दारात उभं राहून एवढंच म्हणाल्या, “मला कुनी उठवू नका.” आणि कडी लावली.

संध्याकाळी जेवणाचं विचारायला हौसाबाईनं दार वाजवलं. आतून “नको” आलं. माझं समाधान झालं.

सकाळी चहाला दार वाजवलं, तेव्हा उत्तर आलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा वाजवलं. नाही. दाराशी ठेवलेल्या चहावर साय धरली. हौसाबाई आदल्या दिवशीचं आपलं वाक्य विसरून माझ्या तोंडाकडे बघू लागली. मी तिला थोडं थांबू म्हटलं, पण हिशेबाला बसलो तरी आकडे डोक्यात शिरत नव्हते.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. दोन माणसं आली. पुढचा उंच, उन्हानं रापलेला, डोळे लाल, पायजम्याला गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला. मागचा जरा कमी वयाचा, अंगात इस्त्रीचा शर्ट. पुढच्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. कुठल्यातरी लग्नातला फोटो होता. पंगत बसली होती आणि फोटोच्या अगदी कडेला, हातात भाताचं ताट घेतलेली, अर्धी कापली गेलेली मंदाबाई.

“चाचा, ही आली का तुमच्याकडं? आमची मंडळी हाय. मी बबन, लोणीचा. काल ओतूरला म्हायेरी जाते म्हनून निघाली. पोचलीच न्हाई.” त्यांनी मागच्या माणसाकडे हात केला. “हा तिचा भाऊ, ओतूरचा. हितं स्टँडवर केळीवाला म्हनला, अशी बाई पेठंकडं गेली.”

आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा नियम मी अजून सांगितला नाही. आत कोण आहे ते बाहेरच्याला सांगायचं नाही. पोलिसांची गोष्ट वेगळी. नवरा म्हणून आलेला माणूस नवराच असतो असं नाही. आणि असला तरी बायकोचं भलं करायला आलेला असतो असंही नाही. हा नियम मी कधीच मोडला नव्हता.

“बसा. चौकशी करतो,” मी म्हणालो आणि हौसाबाईकडे बघितलं. ती उठून दाराशी गेली. दार काउंटरपासून हाताच्या अंतरावर, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलंच नाही. तिनं दार वाजवलं. मग थापा मारल्या. मग आपल्या आवाजात हाक मारली, “ओ बाई! ओ मंदाबाई!”

नाव ऐकताच बबनराव ताडकन उभे राहिले. आतून काही नाही.

“पाटंपासनं हिरीत गळ टाकून बघतोय आमी,” भाऊ माझ्याशी खालच्या आवाजात बोलला. “घरची बघितली, शेजारची बघितली.”

बबनराव दाराशी गेले. त्यांनी दाराला हात लावला आणि तसाच ठेवला. मी त्यांना म्हणालो, “दार मोडायचं नाही. आधी खिडकी बघू. तुम्ही इथंच थांबा.” त्यांनी ऐकलं, याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं.

खोलीची खिडकी गॅलरीत उघडायची आणि तिची कडी लागत नसे, हे माझ्या दुरुस्तीच्या यादीत कायम असायचं. हौसाबाईनं गॅलरीतून झडप ढकलली. बाई कुशीवर झोपलेल्या होत्या, तोंड भिंतीकडे. आम्ही दोघं श्वास दिसतोय का ते बघत होतो, पण फुलाफुलांच्या चादरीत काही कळेना. शेवटी हौसाबाईनं पोछ्याची काठी गजातून आत घातली आणि पलंगाला दणका दिला.

“आले आत्या, आले,” असं म्हणत बाई उठल्या. डोळे उघडलेच नव्हते. तशाच खाली उतरल्या, जमिनीवर बसल्या आणि पलंगाखाली हात घालून काहीतरी चाचपू लागल्या. हात लांब केला, इकडे फिरवला, तिकडे फिरवला.

“काय शोधतात?” मी विचारलं.

“भांडं,” हौसाबाई म्हणाली. तिनं आपल्या सासऱ्याचं आजारपण काढलं होतं. “हिची सासू अंथरुनाला खिळलीय घरात. तिचं भांडं शोधतीय.”

मग बाई भानावर आल्या. आमच्याकडे बघितलं, स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि तिथेच जमिनीवर बसून राहिल्या.

मी परत काउंटरशी आलो. “आहेत. सुखरूप आहेत. झोपल्या होत्या.”

बबनरावांनी दारावरचा हात काढला आणि ते बाकावर बसले. भावाला मात्र आता राग यायला मोकळीक मिळाली होती. “झोपली व्हती? म्हायेर सोडून लॉजवर? संगं कोन हाय?”

“कोणी नाही.”

“तुमी लपवनारच.”

“मी लपवलं असतं तर तुम्ही आत्ता जिना उतरत असता,” मी म्हणालो. मग बबनरावांना सांगितलं, “त्यांनी दार उघडलं तर तुम्ही एकट्यानं जा. हौसाबाई सोबत थांबेल. आवाज चढला तर मी येईन.”

बाईंनी दार उघडलं. त्यांचं बोलणं मला काउंटरवर स्पष्ट ऐकू येत होतं. ऐकायचं नाही असं ठरवलं असतं तरी त्या दोन भिंतींमध्ये ते जमलं नसतं.

बबनराव दारातच उभे राहिले. खोलीत एक पलंग, एक उशी, खुंटीला पिशवी.

“आई हाका मारतीय कालधरनं,” ते म्हणाले.

“मग कोन उठलं?”

“मीच.”

“काय मागितलं?”

“पानी. मग कुशीवर कर म्हनली. मग भांडं. मग परत पानी.”

“झोपला का तुमी?”

“न्हाई.”

“मग?” बाई म्हणाल्या.

बाईच पुढे बोलल्या. त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, सामान लावून ठेवावं तसं एकेक सांगत होत्या. सासू पडल्यापासून दोन वर्षं रात्रभर हाका. लाइट रात्रीची येते म्हणून नवरा बॅटरी आणि काठी घेऊन कांद्याला पाणी द्यायला जातो, आणि उसात बिबट्या आहे, म्हणून तो परत येईपर्यंत डोळा लागत नाही. तो येतो तेव्हा गाईंच्या धारांची वेळ झालेली असते.

“म्हायेरी जायचं व्हतं ना मग,” बबनराव म्हणाले. “तितं झोपायचं.”

“म्हायेरी? वैनीला हाताखाली मानूस पायजे असतं. गेले की पाटा-वरवंटा फुडं येतो. आन झोपले तर समदी इचारत्यात, बरं न्हाई का. आमच्यात आजारी पडल्याबगर झोपायला मिळत न्हाई.” मग म्हणाल्या, “जुन्नरला गाडी बदलायला उतरले. ओतूरची गाडी समोर उभी व्हती. पाय उचलंना. पाटी दिसली लॉजची.”

बाकावर बसलेल्या भावानं हे सगळं ऐकलं. वहिनीचा विषय निघाला तेव्हा त्यानं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

थोड्या वेळानं बबनराव बाहेर आले आणि माझ्याकडे पाणी मागितलं. दोन ग्लास पाणी प्याले.

“चल,” ते मेव्हण्याला म्हणाले. “उंद्या यिऊ न्यायला.”

“दाजी, असं लॉजवर ठिऊन जायाचं? लोक काय म्हनतील?”

“लोक रातचं आईपाशी बसायला येत्यात का?”

जिन्याच्या तोंडाशी जाऊन ते परत फिरले. मला म्हणाले, “चाचा, गावाकडचं कुनी इचारायला आलं तर?”

“मी लॉजवाला आहे,” मी म्हणालो. “आमच्याकडे कोणीच आलेलं नसतं.”

बाई पुन्हा झोपल्या. मध्ये एकदा उठून हौसाबाईनं आणलेली भाकरी-पिठलं खाल्लं. दुसऱ्या दिवशी बबनराव मोटरसायकल घेऊन आले. जाताना बाईंनी चादरीची घडी घालून ठेवली होती. लॉजवर असं कोणी करत नाही.

पुढे काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण मंदाबाई पुढच्या वर्षी त्याच सुमाराला पुन्हा आल्या. या खेपेला बबनराव खाली रस्त्यापर्यंत सोडून गेले. मधल्या काळात त्यांनी कळंबला दिलेल्या आपल्या बहिणीला बोलावून घेतलं होतं. “आई तुझीबी हाय” एवढंच ते म्हणाले म्हणे. बहिणीला ते लागलं, पण ती महिन्यातून काही दिवस आईला घेऊन जाऊ लागली. बाकीच्या दिवसांत नवरा-बायकोनं रात्री वाटून घेतल्या. ज्या रात्री पाण्याची पाळी असेल, तेव्हा शेजारची एक बाई येऊन बसे. हे सगळं होण्यासारखंच होतं. फक्त त्यासाठी एकदा विहिरीत गळ टाकावा लागला.

गावात मंदाबाई लेण्याद्रीला जाते असं सांगायच्या. ते अगदीच खोटं ठरू नये म्हणून परतताना गॅलरीतून डोंगराच्या दिशेला हात जोडायच्या. वर्षातून एकदा येत. त्यांना खोली देताना मी काही विचारत नसे. मालकांनी एकदा विचारलं, लोणीची बाई आपल्याकडे कशी? मी म्हणालो, जुनं गिऱ्हाईक आहे. लॉजच्या धंद्यात या उत्तरावर पुढे प्रश्न येत नाही.

आता खोल्या मोबाइलवर मिळतात. काउंटरवरचा माणूस तोंडाकडे बघत नाही, एकटी का, कशाला, असं विचारत नाही. एका अर्थी हे बरंच झालं. मंदाबाईंना आज बाकावर बसून परीक्षा द्यावी लागली नसती. पण सकाळी दार उघडलं नाही, तर गॅलरीत काठी घेऊन कोण जाईल, हे मला सांगता येत नाही. माझ्यानंतर आलेल्या मॅनेजरला मी ही शंका बोलून दाखवली. तो म्हणाला, कॅमेरे आहेत ना चाचा. कॅमेरा गॅलरीत आहे हे खरं आहे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी मंदाबाई आल्या, तेव्हा त्यांच्या सासूबाई जाऊन काही महिने झाले होते. मी दोन शब्द बोललो. त्या म्हणाल्या, शेवटी शेवटी म्हातारी मला ओळखत नव्हती, पर हाक माझ्याच नावानं मारायची. पिशवी घेऊन त्या खोलीत गेल्या आणि थोड्याच वेळात दार उघडून बाहेर आल्या. गॅलरीत खुर्ची ओढून बसल्या. हौसाबाईला चहा मागितला.

“आज झोप नाही का?” मी विचारलं.

“झोप घरी मिळती की आता. लई मिळती.”

“मग?”

“बसायला आले,” त्या म्हणाल्या. “घरी नुसतं बसता येत न्हाई, चाचा. बसलं की कायतरी दिसतंच करायचं.”

हौसाबाई चहा घेऊन गेली. मंदाबाईंनी पायानंच दुसरी खुर्ची तिच्याकडे सरकवली. हौसाबाईला अजून वरच्या मजल्यावरच्या खोल्या झाडायच्या होत्या आणि नाशिककडची एक पार्टी दुपारनंतर येणार होती. ती खुर्चीवर बसली. इतक्या वर्षांत तिला लॉजच्या खुर्चीवर बसलेलं मी पहिल्यांदा बघत होतो. समोर शिवनेरीवर ऊन होतं.

मी झाडू घेतला आणि वरच्या खोल्या झाडायला गेलो.